हजेरी नंबर चौदा

"यादीत नाव नाय तुझं. घरी जा."

हे मी म्हणलं. शाळेच्या दारात उभी राहून. गळ्यात ओळखपत्र, तोंडाला मास्क, एका हातात ताप बघायची बंदूक, दुसऱ्या हातात यादी. आणि समोर कोण? माझ्या पोटची पोरगी.

दीड वर्षानं शाळा उघडली होती. कोमल आठवीत. ड्रेस आखूड झाला होता म्हणून खालची शिवण उसवून लांब केला होता, तरी जुन्या दुमडीची रेघ दिसतच होती. दारापुढं फरशीवर पांढरे गोल काढले होते, एकेका गोलात एकेक पोर उभं राहायचं. ते गोल मीच काढले होते, पातेल्याचं झाकण ठेवून. कोमल तिसऱ्या गोलात उभी होती.

"मम्मी, नीट बघ ना. चौदा नंबर. आज मंगळवार, सम नंबरचा वार हाय."

मी बघितलं. दहा. बारा. सोळा. अठरा. बारानंतर एकदम सोळा. मला वाटलं पान चिकटलं असंल. पान एकच होतं.

मागून सुपरवायझर सर आले. "मावशी, लाइन अडवू नका."

"सर, ही माझी—"

"माहितीये कोण आहे ते. यादी काय म्हणते?"

यादी काय म्हणणार? मी कोमलला म्हणलं, घरी जा. ती हललीच नाय. मी परत म्हणलं, जरा जोरात, सरांना ऐकू जाईल असं. तेव्हा ती बाजूला सरकली.

तिच्या मागच्या गोलात एक पोरगी होती, गाडीतून उतरलेली. तिची आई काच खाली करून ओरडली, "थांब, त्या गोलात पाय ठेवू नकोस. मावशी, तिथे जरा मारून घ्या ना. ती उभी होती तिथे."

मी सरांकडं बघितलं. सर म्हणले, "मारा ना, बघताय काय?"

पाठीवर औषधाचा पंप होताच. मी फवारलं. जिथं माझी पोर उभी होती, त्या जागेवर. दोनदा. कोमल भिंतीला टेकून बघत होती. मग ती पुढची पोरगी गोलात आली, मी तिच्या कपाळाला बंदूक लावली आणि म्हणलं, "जा बेटा, आत जा."

आई शप्पथ, त्या वेळी जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. पण जमीन घेत नसते. पुढचं पोर आलं, त्याचा ताप बघितला. असे चाळीस-पंचेचाळीस बघितले.

आता नीट सांगते, म्हणजे कळंल.

कोमलचा त्या शाळेत नंबर लागला तो सरकारी कायद्यातून. मोठ्या शाळेत थोड्या जागा गरिबाच्या पोरांना फुकट, चिठ्ठी निघाली की प्रवेश. आरटीईवाली म्हणतात. आमच्या वस्तीतली सहा पोरं तिच्या वर्गात, सगळी आरटीईवाली. पुढं दोन वर्षांनी मला तिथंच साफसफाईचं काम मिळालं, ठेकेदाराकडून. तिथं मला सगळे मावशी म्हणायचे. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या मुख्याध्यापिका मॅडम पण मावशी. नाव कुणालाच ठाव नाय. मला त्याचं काय वाटायचं नाय तेव्हा, उलट बरं वाटायचं. येडी मी.

लॉकडाऊनमध्ये शाळा मोबाइलवर गेली. आमच्या घरात मोबाइल एक. तो आमच्या ह्यांच्या खिशात, हे अंबडला कंपनीत, प्रेस मशिनवर कामाला. ह्यांची सेकंड शिफ्ट असली की कोमलला सकाळचे दोन तास मिळायचे. फर्स्ट असली की आठवडाभर काही नाय. दीड वर्ष असं गेलं. वर्गातल्या हुशार पाचात असायची पोरगी, ती मला विचारायला लागली, "मम्मी, पुढच्या वर्षी मी खरंच नववीत जाणार का?"

मग शाळा उघडायचं ठरलं. अर्धी पोरं आज, अर्धी उद्या. विषम हजेरी नंबर सोमवार, बुधवार, शुक्रवार. सम नंबर मंगळवार, गुरुवार, शनिवार. ज्यांचा वार नाय त्यांनी घरून मोबाइलवर बघायचं. आणि आई-बापाची संमती पाहिजे, लेखी. ऑफिसातल्या मॅडमनी मला बोलावलं, कागदांचा गठ्ठा दिला. म्हणल्या, "मावशी, तुमच्या भागातल्या सह्या तुम्हीच आणा. तुमचं ऐकतात लोक."

मला काय फुगायला झालं! मी शाळेची माणूस. सकाळी सहाला दिंडोरीची पिकअप आमच्या कोपऱ्यावर लागते, बाया द्राक्षबागेत कामाला जातात. तिथं गेले. गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवला. "शाळा चालू होतीये गं, संमतीची सही हाय, करा पटापट." हिराबाई आमची शेजारीण, तिची आरती कोमलच्या बाकावरची. हिराबाईला सही येत नाय. मी तिचा अंगठा धरला, शाईत बुडवला आणि उठवला. ती हसली. "तू हायस म्हणल्यावर वाचायचं काय," म्हणली. कागद इंग्रजीत होता. मला इंग्रजी येत नाय. सातवी झालीये माझी, तीही कळवणला, मराठीतून. स्वतःच्या पोरीच्या कागदावर मी ऑफिसातच सही केली, उभ्या उभ्या, मॅडमच्या पेनानं.

आणि एक गोष्ट लपवत नाय. मंगळवारच्या आदल्या दिवशी, सोमवारी, विषम नंबरवाल्यांच्या यादीत आरतीचं नाव नव्हतं. वस्तीतल्या आणखी दोघांचं नव्हतं. त्या तिघांना मीच परत पाठवलं. "काय तरी राहिलं असंल तुमचं," असं म्हणलं. आरती रडत गेली. मला काही वाटलं नाय. माझी थोडीच होती.

मंगळवारी दुपारी घरी गेले तर कोमल पिठाच्या डब्यापाशी बसलेली. डब्याखाली एक कागद मी घडी करून ठेवला होता, डबा डुगडुगायचा म्हणून. गठ्ठ्यातला उरलेला कोरा फॉर्म. तिनं तो काढला होता.

"हे तू वाचलं होतंस का?"

"मला येतं का वाचता?"

तिनं वाचून दाखवला. एक ओळ इंग्रजी, मग तिचं मराठी. मी माझ्या पाल्याला शाळेत पाठवायला तयार नाही. पूर्ण वर्ष फक्त ऑनलाइन शिक्षण घेण्याचं मी स्वखुशीनं निवडत आहे. वर्गात बसण्याची मागणी मी करणार नाही. खाली सहीची जागा.

"स्वखुशीनं," कोमल परत म्हणली.

दुसऱ्या पालकांना वेगळा फॉर्म होता. त्यावर दोन चौकोन होते, येणार आणि नाही येणार. तो मी बघितला होता, मोठ्या घरच्या पोरांच्या बापांना मीच दारात वाटला होता. आमच्या सहा जणांना चौकोनच नव्हते. माझा सोडून बाकीचे पाचही कागद मी वस्तीत नेले. माझ्या पायांनी. कुणी दुसरं आलं असतं तर बायांनी दहा प्रश्न विचारले असते. म्हणून तर मला पाठवलं.

बुधवारी सकाळी उठले तर कोमल जुना पंजाबी ड्रेस घालून, डोक्याला रुमाल बांधून तयार.

"कुठं?"

"हिराबाईमावशीबरोबर. दिंडोरीला. आरती पण चाललीये."

"शाळा?"

"कुठली शाळा? स्वखुशीनं सोडली ना आपण."

माझ्यासमोरून पिकअपमध्ये चढली. तेरा वर्षांची पोर. वस्तीत अशा चार पोरी लॉकडाऊनमध्ये बागेत गेल्या होत्या, थोड्या दिवसांसाठी म्हणून. एक पण परत शाळेत गेली नाय. एकीचं तर लग्न झालं. मला सगळं दिसत होतं, पुढचं सगळं. गाडी गेली आणि मी तशीच शाळेची वाट धरली.

शाळेत जाऊन मी थेट मुख्याध्यापिका मॅडमच्या केबिनमध्ये शिरले. झाडू हातातच. म्हणलं, "मॅडम, माझ्या पोरीचं नाव यादीत का नाय?"

मॅडम चिडल्या नाय. त्यांनी मला बसा म्हणलं. पाच वर्षांत पहिल्यांदा. म्हणल्या, "मावशी, तुम्ही आपल्याच आहात म्हणून स्पष्ट सांगते. पालकांचं फार प्रेशर आहे. वस्तीत दहा बाय दहाच्या खोलीत सहा-सहा माणसं राहतात, त्यांच्या मुलांशेजारी आमची मुलं नकोत म्हणतात. मी तरी काय करू?"

खरं तर आमच्या गल्लीत पहिली केस निघाली ती एका बाईची, ती गंगापूर रोडला बंगल्यात धुणंभांडी करायची, तिथून घेऊन आली होती. पण हे मी बोलले नाय.

"एक करते," मॅडम म्हणल्या. "कोमलचं नाव मी सम नंबरच्या बॅचमध्ये टाकते. उद्यापासून येऊ दे तिला. पण तिचं एकटीचं. बाकीच्यांचा विषय तुम्ही काढायचा नाही."

आणि मी काय म्हणलं?

मी म्हणलं, "बरं मॅडम. उपकार झाले."

बाहेर आले तर अंगात बारा हत्तींचं बळ. व्हरांडा दोनदा पुसला. मनात म्हणलं, ज्याचं त्यानं बघावं. मी माझं बघितलं, चुकलं काय?

संध्याकाळी कोमल आली. बागेत छाटणी झाल्यावर काड्यांना औषधाची पेस्ट लावतात, नवे कोंब फुटायला. हातमोजे मोठ्या बायांना पुरले, पोरींना नाय. तिच्या बोटांची कातडी पांढरी पडून सोलली होती. मी खोबरेल तेल लावत लावत सांगितलं, "उद्यापासून तू वर्गात. मी मॅडमशी बोलले."

तिचा चेहरा असा उजळला! मग म्हणली, "आरती पण?"

"आरतीचं तिची आई बघंल."

"मी एकटीच? आरतीला काय सांगू मी?"

"काय सांगायचं नाय! गुमान जायचं!" असं म्हणून मी तिच्या पाठीत धपाटा घातला. जोरात. ती रडली नाय. माझ्याकडं बघून म्हणली, "तू सरांसारखी बोलतीयेस."

मेलं, ते लागलं. पंप मारला तेव्हाही इतकं लागलं नव्हतं. तेव्हा मला कुणी तरी सांगितलं होतं, मी हुकमाची चाकर होते. आज मला कुणी सांगितलं नव्हतं. मला माझीच शिसारी आली. तेलाची बाटली तिथंच ठेवली आणि हिराबाईच्या दारात गेले. म्हणलं, बायांना बोलव.

सगळ्यांपुढं सांगितलं. फॉर्मवर काय लिहिलंय ते. कोमलकडून वाचून घेतलं, ओळ न ओळ. मॅडमनी काय देऊ केलं आणि मी बरं म्हणले, ते पण सांगितलं.

हिराबाई उठली. मला वाटलं मारती. मारलं असतं तर खाल्लं असतं मी. ती म्हणली, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ते तुझ्यासारख्यांनाच म्हणत्यात. माझा अंगठा तू धरला होतास गं! तुझ्या हातानं!"

"हो. माझ्या हातानं."

"मग आता काय करती? रडती का?"

"नाय. उद्या दार उघडते. तुम्ही पोरं घेऊन या."

एकीनं विचारलं, तुझ्या कामाचं काय. मी म्हणलं, जाईल. मग हिराबाईनं कोमलला वही आणायला सांगितली. मराठीत लिहून घेतलं. आम्हाला न सांगता ऑनलाइनची सही घेतली आहे, ती आम्हाला मान्य नाही, आमची मुलं वर्गात बसतील. सगळ्यांना दोनदा वाचून दाखवलं. हिराबाईनं अंगठा स्वतः बुडवला. मला हात लावू दिला नाय.

गुरुवारी सकाळी पिकअप आली आणि रिकामी गेली. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून दमला.

मी नेहमीसारखी दारात. यादी हातात. दहा, बारा, चौदा. खरंच घातलं होतं नाव, पेनानं, मधल्या जागेत कोंबून. गाड्या यायला लागल्या. आणि कोपऱ्यावरून ते आले. सहा पोरं गणवेशात, कुणाचा आखूड, कुणाचा भावाचा. मागं बाया.

सुपरवायझर सर धावत आले. "हे काय आहे? मावशी, गेट लावा."

मी ऐकलं. हात सवयीनं कडीकडं गेला सुद्धा. तिथंच थांबवला.

"नाय लावणार."

"काय म्हणालात?"

"नाय लावणार म्हणलं. ऐकू येत नाय का मास्कमधून?"

यादी त्यांच्या हातात दिली. दाराची दुसरी फळी पाच वर्षांत फक्त पाहुणे आल्यावर उघडायची, तिची कडी गंजलेली. लाथ घातली, उघडली. "चला रे," म्हणलं. सहाही पोरांचा ताप बघितला. कुणालाच नव्हता. एकेक करून आत सोडली, आरतीला सगळ्यात आधी.

मॅडम खाली आल्या. गाड्यांतली माणसं मोबाइल काढून उभी. मॅडम माझ्याजवळ येऊन हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणल्या, "मावशी, आपलं ठरलं होतं ना? तुमच्या मुलीचं केलं होतं ना मी?"

बायांपुढं मला उघडं पाडायचं होतं त्यांना.

"ठरलं होतं," मी म्हणलं. "मोडलं."

आणि हिराबाई मागून म्हणली, "आम्हाला ठाव हाय ते. तुमचं काय ठाव हाय ते सांगा. तो इंग्रजी कागद कुणी लिहिला?"

हिराबाईनं पुढं केलेलं वहीचं पान घेऊन मॅडम वर गेल्या.

वाटलं, जिंकलो. कसलं काय. पोरांना वर्गात बसवलंच नाय. चित्रकलेच्या खोलीत बसवलं, सहा जणांना, एक लॅपटॉप पुढं ठेवून. शाळेच्या आत, शाळेच्या बाकावर, आणि वर्ग ऑनलाइन! आठवीचा वर्ग भिंतीपलीकडं. कोमल सांगायची, बाईंचा आवाज आधी भिंतीतून यायचा, मग तोच लॅपटॉपमधून यायचा. बाईंनी प्रश्न विचारला की वर्गातलं कुणी तरी उत्तर देऊन मोकळं व्हायचं, तेव्हा ह्या सहा पोरांपर्यंत प्रश्न पोचायचा. दोन दिवस पोरं तशी बसली.

मला शुक्रवारी ठेकेदाराचा फोन आला होता, उद्यापासून येऊ नका. त्यामुळं शनिवारी मी आत नव्हते. जे झालं ते मी बघितलं नाय, आरतीनं सांगितलं. गणिताचा तास चालू असताना कोमल उठली, दप्तर घेतलं, दार उघडून वर्गात गेली आणि एका रिकाम्या बाकावर बसली. बाई म्हणल्या, "तुला इथे कोणी बोलावलं?"

"माझा हजेरी नंबर चौदा आहे, बाई. आज शनिवार आहे."

"उठ. नाहीतर ऑफिसात पाठवीन."

ती उठली नाय. सुपरवायझर सर आले, उठली नाय. तास संपला, दुसरा लागला, उठली नाय. सोललेल्या बोटांनी फळ्यावरचं उतरवून घेत राहिली. तिसऱ्या तासाला आरती आणि बाकीची पोरं पण जाऊन बसली, सम-विषम काय न बघता. कुणाला उचलून बाहेर टाकायची हिंमत कुणाची झाली नाय. सोमवार-मंगळवारच्या याद्यांत मिळून सहाही नावं आली. छापलेली. कुणी माफी मागितली नाय, कुणी चूक झाली म्हणलं नाय. ते फॉर्म कुठं गेले, ते पण कुणी सांगितलं नाय.

आता कोमल कॉलेजात जाते. मी अंबडला एका कंपनीत पॅकिंगला आहे. मध्ये शाळेतल्या एक बाई भाजीबाजारात भेटल्या. म्हणल्या, "झालं गेलं ते. कोरोनाचे दिवसच तसे होते हो, सगळ्यांनाच त्रास झाला."

मी मेथीची जुडी खाली ठेवली. म्हणलं, "सगळ्यांना आजार झाला बाई. आम्हाला तुम्ही झाला होता."

त्या निघून गेल्या. मला वाईट वाटलं नाय.

वस्तीतल्या बायांशी माझं आता बरं चालतं. हिराबाई अजून कधी कधी टोमणा मारते, मी ऐकून घेते, तिचा हक्क हाय तो. पण एक मी सगळ्या पोरांना सांगून ठेवलंय, त्यांच्या आयांना पण. उद्या परत कसला आजार येऊ दे, शाळा बंद होऊ दे, परत उघडू दे. घंटा झाली की आत जायचं. दारात कुणी यादी घेऊन उभं असंल, तर ती वाचायला थांबायचं नाय. आणि ती यादीवाली आपल्याच गल्लीतली असली, आपली सख्खी आई असली, तरी तिला विचारायचं नाय. तिला बाजूला करायचं आणि आत जायचं.